गेल्या दोन महिन्यांत किती वेळा

‘ट्रॉमा सिम्प्टम चेकलिस्ट’ नावाची एक प्रश्नावली आहे. जॉन ब्रियर आणि मार्शा रंट्झ या मानसशास्त्रज्ञांनी ती १९८९ मध्ये प्रसिद्ध केली तेव्हा तिच्यात ३३ लक्षणं होती. पुढे ती वाढून ४० झाली. लहानपणी ज्यांच्यावर अत्याचार झाले त्यांच्या मनात आणि शरीरात मोठेपणीही काय काय चालू राहतं, ते मोजण्यासाठी ती तयार केली गेली. डोकेदुखी, पोटाच्या तक्रारी, झोप मोडणं, वाईट स्वप्नं, श्वास अडकणं, मन भलतीकडेच निघून जाणं, अपराधी वाटणं, गरज नसताना पुन्हा पुन्हा हात धुणं, अशी एकाखाली एक लक्षणं. प्रत्येकापुढे ० ते ३ हे आकडे. ० म्हणजे कधीच नाही, ३ म्हणजे वारंवार. मधल्या १ आणि २ ला शब्द दिलेले नाहीत, ते ज्याने त्याने आपल्या अंदाजाने लावायचे. आणि विचारायचं ते फक्त गेल्या दोन महिन्यांबद्दल.

मी ती पहिल्यांदा भरली तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. जे घडलं त्याला तीस वर्षं होऊन गेली होती.

काय घडलं ते एकदाच सांगते. आठव्या वर्षापासून अकराव्या वर्षापर्यंत आमच्याच कुटुंबातला एक मोठा माणूस माझ्यावर लैंगिक अत्याचार करत होता. बाबांचे ते चुलतभाऊ. आम्ही डोंबिवलीत राहायचो, ते राजापूर तालुक्यातल्या आमच्या मूळ घरी. गणपतीला आणि मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही गावी जायचो. घर माणसांनी भरलेलं असायचं, आणि इतक्या माणसांत एखादं पोर दिसेनासं झालं तर ते खेळत असेल असंच सगळ्यांना वाटतं. याहून जास्त तपशील मी लिहिणार नाही. आईला एकदा सांगायला गेले होते. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला आणि आधी आजूबाजूला कोणी आहे का ते पाहिलं. त्यानंतर मी बोलले नाही.

मी मानसशास्त्रज्ञाकडे गेले ती या कारणासाठी नव्हे. छातीत धडधडायचं, पोटात आग पडायची, रात्री दोन-अडीचला जाग येऊन पहाटेपर्यंत डोळा लागायचा नाही. ईसीजी झाला, टू-डी इको झाला, थायरॉईडची तपासणी झाली, दुर्बीण घालून पोट पाहून झालं. सगळं नॉर्मल. मुलगी आठ वर्षांची झाल्यापासून हे वाढलं होतं, पण ही गोष्ट मला तेव्हा महत्त्वाची वाटली नाही आणि कुठल्या डॉक्टरांनी विचारलीही नाही. शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी एका मॅडमचं नाव दिलं. म्हणाले, “औषधं मी किती बदलत राहू? एकदा यांच्याशी बोलून तर बघा.”

मॅडमनी पहिल्या काही भेटींत फक्त झोपेबद्दल आणि घरच्या माणसांबद्दल विचारलं. मग एक दिवस सरळ विचारलं, “लहानपणी कोणी तुम्हाला नको तसा हात लावला होता का?” असा प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. मी “हो” म्हटलं. एवढं एक अक्षर बोलल्यावर मला पाणी प्यायला उठावं लागलं. त्यांनी घाई केली नाही. त्या दिवशी आणखी काही विचारलंही नाही. ती प्रश्नावली पुढच्या भेटीत आली.

त्यांच्याकडे ती इंग्रजीत होती. त्या एकेक लक्षण मराठीत सांगायच्या आणि मी आकडा सांगायची. सुरुवातीची लक्षणं शरीराची होती, डोकं, झोप, वजन, पोट. त्यांचे आकडे मी भराभर सांगितले. आमच्याकडे बाई आधी शरीराचंच सांगते. मनाचं सांगायला ना कोणी वेळ देतं ना जागा. गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या सुरुवातीला सुमारे अडीच हजार बायकांची पाहणी केली होती. अंगावरून पांढरं जातं अशी तक्रार करणाऱ्या बायकांमध्ये त्या तक्रारीचं नातं जंतुसंसर्गापेक्षा मानसिक त्रासाशी जास्त घट्ट निघालं. मला हे मॅडमनी सांगितलं तेव्हा माझ्या आईच्या, मावशीच्या, शेजारणींच्या कितीतरी वर्षांच्या तक्रारी डोळ्यांपुढे आल्या. त्यांना प्रत्येक वेळी गोळ्या मिळाल्या. प्रश्न कधी मिळाला नाही.

मग प्रश्न आला मन निघून जाण्याचा. समोर माणूस बोलत असताना आपण तिथे नसल्यासारखं होतं का? मी थबकले. कारण या गोष्टीसाठी आमच्या घरात कधीपासून एक नाव होतं. “हिचं लक्षच नसतं.” शाळेत बाई म्हणायच्या, कॉलेजात मैत्रिणी म्हणायच्या, लग्न झाल्यावर सासूबाई म्हणायला लागल्या की हिला चार हाका मारल्याशिवाय ऐकू जात नाही. मीसुद्धा मान्य केलं होतं की मी वेंधळी आहे. पुढचा प्रश्न चिडण्याचा. त्यालाही नाव होतं, “बापावर गेलीय.” लोकांत मिसळायला जड जातं का? “घुमी आहे.” गोष्टी आठवत नाहीत का? “विसरभोळी.” आपण सगळ्यांपेक्षा कमी आहोत असं वाटतं का? हा तर मला विनय वाटत होता. रात्री उठून दाराची कडी पुन्हा पुन्हा पाहणं मी काळजीवाहू असण्यात जमा केलं होतं.

ज्या गोष्टींना मी आणि माझ्या माणसांनी तीस वर्षं माझा स्वभाव म्हटलं, त्या सगळ्या एका कागदावर लक्षणं म्हणून लिहिलेल्या होत्या. मला कधीही न भेटलेल्या, दुसऱ्या देशातल्या दोन माणसांनी लहानपणी अत्याचार झालेल्या कितीतरी मुलींच्या मोठेपणाकडे पाहून ती यादी केली होती. म्हणजे हे माझ्यासारख्या इतरांनाही होत होतं. इतक्या जणींना होत होतं की त्याची यादी करता आली. तोवर मला वाटायचं की झालेली गोष्ट वेगळी आणि मी अशी असणं वेगळं. ती गोष्ट अकराव्या वर्षी संपली आणि नंतरची जी मी आहे ती मुळातच जरा बिघडलेली आहे. स्वभावाला औषध नसतं असं आपण म्हणतो. लक्षणाला कारण असतं, आणि कारण असलं की त्याच्यावर काही करता येतं. माझ्या आयुष्यात त्या प्रश्नावलीने केलेलं सगळ्यात मोठं काम हेच, आणि ते बेरीज व्हायच्या आधीच झालं होतं.

बेरीज ५८ आली. जास्तीत जास्त १२० येऊ शकते. मी लगेच विचारलं, किती आले म्हणजे आजार? मॅडम म्हणाल्या, अशी रेघच नाही. ही प्रश्नावली मुळात संशोधनासाठी आहे, लोकांच्या गटांची तुलना करण्यासाठी; एकेकट्या माणसाचं निदान करायला ती नाही, असं ब्रियर स्वतःच सांगतात. रुग्णांसाठी त्यांनी १९९५ मध्ये १०० प्रश्नांची वेगळी चाचणी काढली. मॅडम या ४० प्रश्नांचा उपयोग बोलणं सुरू करायला आणि पुढे त्याच माणसाची त्याच माणसाशी तुलना करायला करत होत्या.

मग मी खरा प्रश्न विचारला. या आकड्यावरून सिद्ध होतं ना, की ते झालं होतं?

त्या म्हणाल्या, नाही. भूकंपातून वाचलेल्या माणसाचा, नवरा अचानक गेलेल्या बाईचा, अपघात पाहिलेल्या ड्रायव्हरचा आकडाही इतका येऊ शकतो. लक्षणांवरून मागे जाऊन घटना ओळखता येत नाही. घटना तुम्ही सांगितली आणि मी तुमच्यावर विश्वास ठेवला, इतकंच.

मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. कारण मला कागद हवा होता. सही-शिक्क्याचा कागद, जो आईपुढे, आत्यापुढे ठेवता येईल. ज्या घरात तोंडावर हात ठेवला गेला त्या घरातल्या माणसाला पुराव्याची भूक किती असते हे बाहेरच्याला कळणार नाही. शिवाय माझी आठवणही सलग नव्हती. पडवीतला उजेड आठवायचा, भिंतीवरचा कॅलेंडरचा खिळा आठवायचा, पण ते साल कोणतं, मी तेव्हा तिसरीत की चौथीत, हे सांगता यायचं नाही. आणि जिला साल आठवत नाही तिचं कोण खरं मानणार?

या शंकेवर मला ज्याने आधार दिला ते एक जुनं संशोधन होतं. लिंडा मेयर विल्यम्स यांनी १९९४ मध्ये ते प्रसिद्ध केलं. अमेरिकेत १९७० च्या दशकात लहान वयात अत्याचारानंतर दवाखान्यात आणलेल्या, म्हणजे ज्यांच्या बाबतीत घटनेची नोंदच उपलब्ध होती, अशा १२९ स्त्रियांना त्यांनी सुमारे सतरा वर्षांनी गाठलं. त्यांच्यापैकी ३८ टक्के स्त्रियांनी ती घटना सांगितली नाही. काही विसरल्या असतील, काहींना सांगावंसं वाटलं नसेल. पण घटना झाली होती, कागदावर होती. आठवण तुटक असणं म्हणजे खोटं असणं नव्हे, एवढं मला त्यातून मिळालं. याची दुसरी बाजूही खरी आहे. आठवणीवर आधारलेल्या मोजमापातून जी माणसं दिसतात आणि जुन्या नोंदींतून जी दिसतात, ती बऱ्याचदा वेगवेगळी असतात, असं नंतरच्या अभ्यासांत आढळलं आहे. म्हणून या विषयात कोणी फार ठामपणे आकडे फेकायला लागलं की मी सावध होते.

आपल्याकडचा एक आकडा मात्र मी सांगते, कारण तो सरकारने स्वतः मुलांना विचारून गोळा केला. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणं झालं होतं. त्यांच्यापैकी ५३ टक्क्यांहून जास्त मुलांनी एक ना एका प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं, आणि त्यांच्यात मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. ती मुलं आता पंचवीस-तीस-पस्तिशीची झाली असतील. नोकऱ्या करत असतील, त्यांना मुलं झाली असतील. त्यांच्या झोपेबद्दल कोणी विचारत असेल का?

प्रश्नावलीतल्या त्या रकान्यांबद्दलही लिहायला हवं जे मी कोरे ठेवले. नवराबायकोतल्या संबंधांबद्दलचे बरेच प्रश्न तिच्यात आहेत. आनंद नसताना होणं, त्या वेळी वाईट विचार येणं, इच्छाच न होणं. मॅडमनी पहिला प्रश्न वाचला आणि मी खिडकीकडे पाहायला लागले. दुसऱ्याला मी म्हटलं, “पुढचा घ्या.” त्यांनी पुढचा घेतला. सगळं झाल्यावर कागद माझ्यासमोर ठेवून त्यांनी दाखवलं की त्या ओळींपुढे त्यांनी काही लिहिलेलं नाही, ० सुद्धा नाही. “कोरं म्हणजे शून्य नव्हे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही उत्तर दिलेलं नाही, असं मी धरते.”

मला वाटतं, आपल्याकडे असली कुठलीही पाहणी करणाऱ्या माणसाने हे भिंतीवर लिहून ठेवावं. घाईच्या ओपीडीत, समोर सासू बसलेली असताना, तरुण विद्यार्थी पेन घेऊन विचारतो आणि बाई मान हलवते. तो शून्य लिहितो. मग त्या शून्यांची बेरीज होते आणि आमच्या बायकांना असले त्रास कमीच असतात असा निष्कर्ष छापून येतो. माझे ५८ हे त्या कोऱ्या रकान्यांशिवायचे ५८ होते. वर्षभराने मी त्या रकान्यांची उत्तरं दिली तेव्हा त्यांतला एकही आकडा २ च्या खाली नव्हता. तोवर नवऱ्याला सगळं सांगून झालं होतं. त्याने ऐकून घेतलं, बराच वेळ गप्प बसला, आणि मग विचारलं, “मी कधी तसं काही केलं का, की तुला ते आठवलं?” चांगल्या माणसाचा प्रश्न होता तो. उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले, आणि ते उत्तर हो होतं.

एका प्रश्नाला मात्र मी मनापासून शून्य सांगितलं होतं. पुरुषांची भीती वाटते का? छे, मला कसली भीती. मॅडमनी शून्य लिहिलं. मग सहज बोलल्यासारखं विचारलं, ऑफिसला कशा जाता? लोकलने, लेडीज डब्यातून. आणि डबा चुकला तर? पुढची गाडी पकडते. ऑफिसात कुठे बसता? आमच्या विभागात सगळ्या बायकाच आहेत, बढती मिळून दुसरीकडे जायची संधी आली होती पण मी घेतली नाही. लिफ्टमध्ये एकच पुरुष असेल तर? जिन्याने जाते, व्यायाम होतो. संध्याकाळी घरी प्लंबर आला तर? शेजारच्या काकूंना बोलावून घेते.

भीती वाटत नव्हती, कारण वाटायची वेळच येणार नाही अशी मी सगळ्या आयुष्याची मांडणी केली होती. आणि त्या मांडणीची किंमत, बढती, रात्रीची नाटकं, एकटीने केलेला एखादा प्रवास, प्रश्नावलीत कुठेच दिसत नव्हती. किती वेळा होतं हे ती विचारते. ते होऊ नये म्हणून माणूस काय काय सोडून देतो हे ती विचारत नाही. एखादी गोष्ट दोन महिन्यांत एकदाच झाली पण तिने माणूस कोलमडला, तर तेही तिला दिसत नाही. तिच्या लेखी तो १ च.

पुढे मॅडमनी दुसरं एक साधन वापरलं, त्यात हे टाळणं सरळ विचारलेलं आहे. त्याची हकिकत थोडी मागून सांगावी लागेल. युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या त्रासावरून ‘पीटीएसडी’ हे निदान १९८० मध्ये अमेरिकेत अधिकृत झालं. पण लहानपणी, घरातच, वर्षानुवर्षं त्रास सोसलेल्या माणसाचं दुखणं त्यात पुरतं मावत नाही, असं ज्युडिथ हर्मन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९९२ मध्ये मांडलं. अशा माणसाला घटना आठवून भीती तर वाटतेच, शिवाय त्याचं स्वतःबद्दलचं मतच मोडलेलं असतं, भावना आवरत नाहीत किंवा जाणवतच नाहीत, आणि कोणाच्या जवळ जाणं जमत नाही. हे वेगळं निदान म्हणून मान्य व्हायला पाव शतकाहून जास्त काळ गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती २०२२ च्या जानेवारीपासून लागू झाली, तिच्यात ‘कॉम्प्लेक्स पीटीएसडी’ आहे. त्यासाठीची ‘इंटरनॅशनल ट्रॉमा क्वेश्चनेअर’ छोटी आहे. सहा प्रश्न आठवणी, टाळणं आणि सतत सावध असण्याचे. सहा प्रश्न भावनांचे, स्वतःबद्दलच्या मताचे आणि नात्यांचे. आणि या सगळ्यामुळे तुमचं काम, घर, माणसं यांत काय अडतं त्याचे. ते शेवटचे प्रश्न मला सगळ्यात न्यायाचे वाटले.

आकड्यांची सगळ्यात विचित्र गोष्ट मला उपचार सुरू झाल्यावर कळली. सहा-सात महिने मी नेमाने जात होते, रडणं होत होतं, बोलणं होत होतं. मग पुन्हा तीच ४० लक्षणं घेतली आणि बेरीज ७० च्या पुढे गेली. मी घाबरले. इतके पैसे, इतका वेळ, आणि मी आणखी बिघडले? मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. मन निघून जाण्याचे, सगळं खोटं-खोटं वाटण्याचे, आपण आपल्या शरीरात नसल्यासारखं वाटण्याचे आकडे खाली आले होते. दुःख, राग, भीती, वाईट स्वप्नं यांचे वर गेले होते. ज्या गोष्टी जाणवू नयेत म्हणून मन बाजूला सरत होतं, ते सरायचं थांबल्यावर त्या जाणवायला लागल्या होत्या. बधिर केलेल्या दाढेची गुंगी उतरताना जसं होतं, तसं. एकूण बेरीज पाहून कोणी त्या दिवशी माझे उपचार थांबवले असते तर ते चूक झालं असतं. म्हणून मी आता बेरीज विचारत नाही. कोणता आकडा कुठे गेला ते विचारते.

आणि मग गणपती. हे आधी मॅडमच्याही लक्षात आलं नव्हतं, दोघींना मिळून कळलं. मी ऑक्टोबरात भरलेली प्रश्नावली आणि फेब्रुवारीत भरलेली प्रश्नावली यांत नेहमी मोठा फरक पडायचा. प्रश्न गेल्या दोन महिन्यांचा असतो, आणि ऑक्टोबरच्या मागच्या दोन महिन्यांत गणपती येतात. कोकण रेल्वेचं बुकिंग उघडतं तिथपासून माझी झोप जायची. गावी बाबांचे ते चुलतभाऊ पडवीत खुर्चीवर बसलेले असायचे, म्हातारे झालेले, आणि सगळी मुलंबाळं ओळीने जाऊन त्यांच्या पाया पडायची. माझी मुलगीही पडायची. आरतीला टाळ वाजवत मी उभी असायची आणि माझी नजर तिच्यावरून हलायची नाही. परत आल्यावर पंधरा दिवस अंग मोडल्यासारखं व्हायचं, ते मी प्रवासाच्या दगदगीत जमा करायची.

दोन महिन्यांच्या त्या खिडकीतून माझ्या आजाराचं पंचांग दिसलं. फेब्रुवारीत भरणारी मी जवळजवळ बरी असायची. कोणी मला फक्त फेब्रुवारीत मोजलं असतं तर मी बरीच आहे असं म्हटलं असतं. ज्याला हा त्रास आहे त्याने आपले घातवार कोणते ते स्वतः शोधावेत, हे मला कोणी आधी सांगायला हवं होतं. कोणाला रक्षाबंधन जड जात असेल, कोणाला मे महिना, कोणाला एखाद्या वासाच्या उदबत्तीचे दिवस.

मुलगी दहा वर्षांची झाली त्या वर्षी आम्ही गावी गेलो नाही. घरी ठाण्यातच दीड दिवसाचा गणपती आणला. आत्याचा फोन आला, देवाला असं वेगळं करतात का म्हणून. मी सांगितलं, “आत्या, मला तिथे त्रास होतो.” कसला त्रास, तिने विचारलं नाही. तिच्या न विचारण्यात मला काहीतरी ऐकू आलं, पण मी ते तिच्या तोंडून काढायला गेले नाही. माझा ऑक्टोबरातला आकडा त्या वर्षी पहिल्यांदा चाळिशीत आला. उपचारांचाही त्यात वाटा होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शनात या दुखण्यासाठी सुचवलेल्या उपचारांपैकी एक, डोळ्यांच्या हालचालींबरोबर आठवणीवर काम करण्याचा, मॅडमनी तेव्हा सुरू केला होता. पण गावी न जाण्याचा वाटा मी कमी लेखणार नाही. माणसाला आधी सुरक्षित जागा लागते. बाकीचं सगळं त्यानंतर. हर्मनबाईंनीही उपचाराची पहिली पायरी म्हणून तेच सांगितलं आहे.

आणखी एका मोजमापाबद्दल मला काळजी वाटते ती इथे सांगते. लहानपणीच्या दहा प्रकारच्या वाईट अनुभवांची एक यादी मोबाईलवर फिरत असते. त्यातले आपल्याबाबतीत किती खरे ते मोजायचं आणि आपला ‘एस स्कोअर’ काढायचा. मुळात ती यादी ज्या अभ्यासातून आली तो फार मोलाचा आहे. सॅन डिएगोला व्हिन्सेंट फेलिट्टी नावाचे डॉक्टर वजन कमी करण्याचा कार्यक्रम चालवत. वजन उत्तम उतरत असताना लोक मध्येच का सोडून जातात हे शोधताना त्यांना त्यांच्या बालपणीचे अत्याचार सापडले. पुढे रॉबर्ट अँडा यांच्याबरोबर त्यांनी ९,५०० हून जास्त लोकांचा अभ्यास केला आणि १९९८ मध्ये दाखवलं की असे अनुभव जितके जास्त, तितके मोठेपणी हृदयविकारापासून नैराश्यापर्यंतचे धोके जास्त. पण हे समूहाचं गणित आहे. या आकड्यावरून एकेका माणसाचं भविष्य ठरवू नका, असं अँडा यांनीच २०२० मध्ये लिहून सांगितलं. माझ्या ऑफिसातल्या एका तरुण मुलीने तो आकडा काढला, सहा आला, आणि ती मला म्हणाली, “म्हणजे ताई, माझं आयुष्य वीस वर्षांनी कमीच आहे.” मी तिला बाजूला घेऊन बसवलं. तो आकडा काय झालं ते मोजतो. पुढे तिला कोण भेटलं, कोणी तिचं ऐकलं, ती आज कशी झोपते, यातलं काहीच त्यात नाही.

आता माझे आकडे वर्षातून दोनदा घेतले जातात, एकदा गणपतीनंतर आणि एकदा होळीच्या सुमाराला. मध्यरात्री जाग येण्याचा आकडा अजून ३ आहे. तो खाली येईल असं मला वाटत नाही, आणि मॅडमही तसं खोटं आश्वासन देत नाहीत. अपराधी वाटण्याचा १ झाला आहे. पुरुषांच्या भीतीचा, जो मी शून्य सांगितला होता, तो आधी ३ झाला आणि आता २ आहे. गेल्या वर्षी मी एकटी पुण्याला लग्नाला गेले, साध्या एसटीने, आणि शेजारच्या सीटवर एक गृहस्थ बसले होते. स्वारगेट येईपर्यंत मी जागी होते. पण गेले.

या उन्हाळ्यात माझ्या चुलतबहिणीचा फोन आला. ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान, रत्नागिरीला असते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, “ताई, तू गावी येणं का बंद केलंस ते मला माहीत आहे.” मग बराच वेळ फोनवर काही नव्हतं. नंतर तिने विचारलं, तू ते कसले प्रश्न भरतेस म्हणे, ते मला पाठवशील का?

मी पाठवले नाहीत. तिला म्हटलं, ते एकटीने भरू नकोस. ती यादी वाचतानाच अंगावर येते, आणि नंतर समोर कोणीतरी असावं लागतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर तिला लिहून घ्यायला लावला, रात्री-अपरात्री लागला तर असावा म्हणून. तिथे मराठीत बोलता येतं. मग मॅडमना विचारून मी रत्नागिरीतल्या एका मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली. ते पुरुष आहेत म्हणून ती आधी नको म्हणाली. मॅडमनी सुचवलं की पहिल्या भेटीला मी बरोबर बसावं आणि दार उघडं ठेवायला सांगावं. पुढच्या महिन्यात मी जनशताब्दीने जाते आहे. गावच्या घरी उतरणार नाही, तिच्याकडेच राहणार आहे.